पट, निकाल आणि जाब : सार्वजनिक प्राथमिक शिक्षणातील उत्तरदायित्वाचा एक विचार

शिक्षणविषयक शासकीय लेखनात 'उत्तरदायित्व' हा शब्द रूढ होऊन फार काळ लोटलेला नाही. परंतु तो ज्या कल्पनेचा वाचक आहे ती कल्पना आपल्या प्रांतात दीडशेहून अधिक वर्षे वावरत आहे. बोलीत तिला 'जाब' हा नेमका शब्द आहे. जाब विचारला जातो आणि जाब द्यावा लागतो; म्हणजे या व्यवहारात विचारणारा व सांगणारा असे दोन पक्ष प्रथमपासूनच गृहीत आहेत, आणि विचारणाऱ्याला तो अधिकार कोठून आला हा प्रश्नही त्या शब्दाबरोबरच उभा राहतो. 'उत्तरदायित्व' या सामासिक शब्दात उत्तर देणारा तेवढा दिसतो. विचारणारा पडद्याआड जातो. शब्दांच्या अशा भेदाला फाजील महत्त्व देऊ नये हे खरे. तथापि शासनाचे निर्णय व परिपत्रके वाचताना हा पडदा वारंवार आड येतो, म्हणून त्याची नोंद प्रारंभीच केलेली बरी.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक प्राथमिक शिक्षणात जाब नेहमी खालून वर गेलेला आहे : शिक्षकाने अधिकाऱ्याला द्यावयाचा, अधिकाऱ्याने खात्याला आणि खात्याने कोषागाराला. हा जाब आकड्यांच्या रूपाने द्यावयाचा असतो, आणि तो आकडा बहुधा ज्याने जाब द्यावयाचा त्यानेच लिहिलेला असतो. त्यामुळे आकडा तर अविश्वसनीय होतोच; शिवाय वरून खाली, म्हणजे शासनाने पालकाला द्यावयाचा जो जाब, त्याला व्यवहारात जागाच उरत नाही. प्रत्येक नव्या सुधारणेने या रचनेत एक नवे विवरणपत्र वाढविले. रचना बदलली नाही. हे दाखविण्यासाठी १८८२ चे एक निवेदन, २०११ ची एक मोहीम आणि २०१७ चा एक शासन निर्णय अशी तीन उदाहरणे मुख्यतः घेतली आहेत. उदाहरणांची भूमी शक्य तेथे नाशिक जिल्ह्याची ठेवली आहे.

मुलांच्या परीक्षेवरून शिक्षकाचे वेतन किंवा शाळेचे अनुदान ठरविण्याची कल्पना आपली नव्हे, आणि अमेरिकेचीही नव्हे. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी सुधारित शिक्षणसंहिता लागू केली. तपासनीसाने शाळेत जाऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व अंकगणित यांत परीक्षा घ्यावयाची आणि उत्तीर्ण मुलांच्या हिशेबाने शाळेला अनुदान द्यावयाचे, अशी ती योजना होती. खर्च आटोक्यात राहील आणि आळशी शिक्षकाला शासन होईल, असा दुहेरी लाभ तीत दिसत होता. कवी व समीक्षक म्हणून आपणांस परिचित असलेले मॅथ्यू आर्नल्ड हे त्या काळी शाळांचे तपासनीस होते. शिकविणे यांत्रिक झाले आणि परीक्षेत नसलेले सर्व काही शाळेतून हद्दपार झाले, अशी तक्रार ते आपल्या अहवालांतून करीत राहिले. तरीही ही पद्धत इंग्लंडात तीस वर्षांहून अधिक काळ टिकली, आणि तिची एक आवृत्ती मुंबई इलाख्यातही आली. निकालानुसार अनुदान हे तत्त्व येथे १८६५ च्या सुमारास स्वीकारले गेले, आणि हंटर आयोग नेमला जाईपर्यंत ते चांगले रुळले होते.

या आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन आपल्याकडे बहुधा दोन कारणांसाठी उद्धृत केले जाते. शेतकऱ्याच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो हा त्यातील आरोप, आणि प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे ही त्यातील मागणी. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु त्याच निवेदनात शाळेच्या कारभाराविषयी जे बारीक विवेचन आहे त्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. मूळ इंग्रजीत लिहिलेला हा मजकूर शाळा चालविलेल्या माणसाचा आहे, हे त्याच्या ओळीओळीत जाणवते.

फुले देखरेखीच्या विरुद्ध नाहीत, ही पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा शाळेला भेट दिल्याने काही साधत नाही. निदान तिमाहीस तरी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देता शाळा पाहाव्यात, असे ते सुचवितात. गावच्या व जिल्ह्याच्या मुलकी अंमलदारांवर या बाबतीत भिस्त ठेवू नये, कारण त्यांना इतर कामे फार असतात आणि त्यांची परीक्षा वरवरची होते, असेही ते सांगतात. उत्तेजनार्थ बक्षिसे व भत्ते देण्यालाही त्यांची ना नाही. मात्र निकालानुसार मोबदला देण्याची पद्धत गरीब व अज्ञान लोकांत विद्याप्रसार करण्यास मुळीच योग्य नाही, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे, आणि त्याचे कारणही त्यांनी दिले आहे. या लोकांत शिक्षणाची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नाही. अशा वस्तीत कोणी शिक्षक स्वतःच्या हिमतीवर शाळा उघडील तर त्याचे पोट भरणार नाही, म्हणून तो तेथे जाणारच नाही. याच निवेदनात खेड्यातील शिक्षकाला दरमहा निदान १२ रुपये आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये असावेत असे ते म्हणतात. शक्य तर हे शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, ही त्यांची सूचनाही याला जोडूनच आहे.

या युक्तिवादाची घडण नीट पाहण्याजोगी आहे. निकालावर पैसा दिला तर शिक्षक खोटे निकाल दाखवील, असे फुले म्हणत नाहीत. तो युक्तिवाद आर्नल्डच्या वळणाचा आहे आणि नीतीच्या अंगाने जातो. फुल्यांचा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे : निकाल जेथे आधीच चांगला लागण्यासारखा आहे तेथेच पैसा जाईल, आणि जेथे तो लागण्यासाठी पैसा हवा तेथे तो पोहोचणार नाही. ब्राह्मणवस्तीतील शाळा आणि महारवाड्यालगतची शाळा एकाच मापाने मोजल्या तर माप समान राहते, न्याय राहत नाही. देखरेख हवी, पण शिक्षकाची भाकरी मुलांच्या परीक्षेला बांधू नये, हा भेद त्यांनी १८८२ साली केला. आयोगाने तो मानला नाही. प्राथमिक शाळांना द्यावयाची मदत बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर ठरवावी, अशीच शिफारस अखेर झाली. १९०४ च्या कर्झनकालीन शिक्षणविषयक ठरावानंतर ही पद्धत मागे पडली, तीही फुल्यांच्या कारणासाठी नव्हे.

पुढील साठ वर्षांचा इतिहास येथे धावत्या उल्लेखापुरताच घेता येईल. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे गेले, १९४७ च्या कायद्याने जिल्हा शाळा मंडळांची नवी घडी बसली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या स्वाधीन झाल्या. सत्ता गावाच्या जवळ आली म्हणून जाबही गावाजवळ येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात शिक्षकाच्या डोक्यावर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी व शिक्षणाधिकारी अशी उतरंड उभी राहिली, आणि तिच्या प्रत्येक थराला विवरणपत्र लागू लागले.

या उतरंडीत सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे पट. शाळेच्या पटावर शिक्षकांची पदे मंजूर होतात. खासगी अनुदानित शाळेचे वेतन अनुदान त्यावर अवलंबून असते. पोषण आहाराचा तांदूळही त्यावरच येतो. पट लिहिणारा मुख्याध्यापक आणि पटामुळे ज्याची नोकरी टिकते तो शिक्षक हे एकाच छपराखाली बसतात. अशा स्थितीत पट फुगला नसता तरच नवल. नांदेड जिल्ह्यात तपासणी करून हा प्रकार प्रथम ठळकपणे उघडकीस आणण्यात आला, आणि मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एक मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदाराप्रमाणे त्याच्या बोटाला शाई लावण्यात आली. पटावरील सुमारे २० लाख मुले हजर आढळली नाहीत, असे तेव्हा जाहीर झाले.

या मोहिमेने खोट्या पटाला मोठा हादरा दिला, हे मान्य केलेच पाहिजे. सार्वजनिक पैशाची लूट दडपून ठेवण्यात कोणाचेच हित नव्हते. पण मोहिमेची भाषा तपासली तर एक गोष्ट खटकते. हजर नसलेले मूल आणि अस्तित्वात नसलेले मूल यांच्यात लोकचर्चेने फरक केला नाही, आणि खात्यानेही तो पुरेसा आग्रहाने केला नाही. ऑक्टोबर महिना नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांच्या छाटणीचा असतो. पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे या दिवसांत दिंडोरी व निफाडच्या बागांत मजुरीला उतरतात. धाकटे भावंड सांभाळावयास थोरली मुलगी बरोबर जाते. मराठवाड्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. अशी मुले पटावर खरी असतात, वर्गात नसतात. त्यांच्या गैरहजेरीचा जाब शाळेला विचारणे सोपे. हंगामी वसतिगृह वेळेवर उघडले नाही याचा जाब कोणाला विचारावयाचा, हे शाई लावून कळण्यासारखे नव्हते. बोट मुलाचे होते, एवढे मात्र खरे.

पटाचा आकडा असा बदनाम झाल्यावर खात्याची दृष्टी निकालाकडे वळली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या काळाविषयी न्यायबुद्धीने लिहिले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी वर्गात जे बदल घडविले होते ते पाहण्यास राज्यातून शिक्षकांचे जथे गेले. फरशीवर आखलेली अक्षरे, मण्यांच्या माळा आणि गटांत बसून शिकणारी मुले ही दृश्ये खेड्यापाड्यांतील शाळांत दिसू लागली. शिक्षकाने शिक्षकाकडून शिकावे, ही गोष्ट आपल्या खात्याच्या इतिहासात विरळच. पण थोड्याच काळात 'प्रगत' हे विशेषण शाळेच्या नावामागे लागले, प्रगत शाळांची मोजणी सुरू झाली, आणि तालुक्यातालुक्यांत त्या मोजणीची चढाओढ लागली. ज्या शाळेत सर्व मुले प्रगत नाहीत असे मुख्याध्यापक प्रामाणिकपणे लिहील, ती शाळा यादीत मागे पडणार.

२३ ऑक्टोबर २०१७ चा शासन निर्णय हा याच प्रवासाचा पुढला टप्पा होय. शिक्षकाला सेवेच्या १२ वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी मिळण्याची जी जुनी तरतूद होती, तिला या निर्णयाने नव्या अटी जोडल्या. प्राथमिक शिक्षकाची शाळा शाळासिद्धीच्या मूल्यमापनात 'अ' श्रेणीत असली पाहिजे, आणि नववी-दहावीच्या शिक्षकांच्या बाबतीत त्या इयत्तांचा निकाल ८० टक्क्यांहून अधिक असला पाहिजे, अशा त्या अटी होत्या. शाळासिद्धी ही ७ क्षेत्रे व ४६ मानके यांच्या आधारे प्रथम शाळेनेच स्वतःची पारख करावयाची योजना आहे. तिचा मूळ हेतू आत्मपरीक्षणाचा. आत्मपरीक्षणाला पगारवाढ जोडली की त्याचे काय होते, हे सांगण्यास शिक्षणशास्त्राची गरज नाही. मानकांत शाळेची इमारत, स्वच्छतागृह, पाणी, क्रीडांगण अशा गोष्टीही येतात. त्या पुरविणे जिल्हा परिषदेचे काम. म्हणजे मालकाने भिंत बांधली नाही म्हणून गड्याची मजुरी कापावी, तशातला हा प्रकार झाला.

माध्यमिक शाळांच्या अटीत धोका अधिक सूक्ष्म होता. दहावीची परीक्षा मंडळ घेते, पण नववीची परीक्षा शाळा स्वतः घेते. तेथे निकाल हवा तसा लावता येतो. दहावीचा निकाल राखण्याचा दुसरा एक मार्ग खेड्यांतील पालकांनाही ठाऊक आहे. नववीतच कच्च्या मुलाला बाजूला काढावयाचे आणि त्याने '१७ नंबरचा फॉर्म' भरून बाहेरून बसावे असे सुचवावयाचे. शाळेची टक्केवारी वाढते, आणि ज्याला शाळेची सर्वाधिक गरज आहे तोच मुलगा शाळेबाहेर जातो. सर्व शाळा असे करतात असा आरोप येथे अभिप्रेत नाही. शासनानेच असे करण्याला किंमत देऊ केली, हा आक्षेप आहे. फुल्यांचा १८८२ चा युक्तिवाद येथे अक्षरशः लागू पडतो. नाशिक शहरातील शिकवणीवर्गांनी वेढलेल्या शाळेतील शिक्षकाला निवडश्रेणी मिळणार, आणि सुरगाण्यात पहिल्या पिढीच्या मुलांना शिकविणाऱ्याला ती नाकारली जाणार. मग सुरगाण्याला बदली कोण मागील? २०१९ साली या अटी गाळण्यात आल्या. संघटनांचा विरोध हे त्याचे उघड कारण. परंतु अट तत्त्वतः का चुकीची होती याची चर्चा ना शासनाने केली, ना विद्यापीठीय वर्तुळात झाली. चर्चेविना मागे घेतलेली कल्पना पुन्हा येण्यास मोकळी राहते, म्हणून या निर्णयाचा येथे इतका विस्तार केला.

अशी अट सबंध देशाला लावली तर काय होते, याचा पडताळा अमेरिकेत मिळतो. तेथे १९८३ साली शाळांच्या अधोगतीविषयी एक खळबळजनक अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हापासून कसून परीक्षा घेण्याचा आग्रह वाढत गेला. जानेवारी २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा झाला. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणित यांची परीक्षा, दरवर्षी ठरलेली प्रगती न दाखविणाऱ्या शाळांवर चढत्या क्रमाने कारवाई, आणि २०१४ पर्यंत एकूण एक मुले प्रवीण झाली पाहिजेत असे लक्ष्य. असे लक्ष्य कोणत्याही देशात कधी गाठले गेलेले नाही; तेथेही गेले नाही, आणि डिसेंबर २०१५ मध्ये नव्या कायद्याने या कायद्याची जागा घेतली. मधल्या काळात जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात जे घडले ते फार बोलके आहे. २००९ च्या परीक्षांत शिक्षकांनी व मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीच्या खुणा खोडून बरोबर खुणा केल्याचे राज्याच्या चौकशीत २०११ साली निष्पन्न झाले. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत हा प्रकार आढळला आणि १७८ जणांची नावे अहवालात आली. २०१५ साली ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. सामाजिक निर्णयासाठी एखादा आकडा जितका अधिक वापरावा तितका तो भ्रष्ट होत जातो, आणि ज्याचे मोजमाप करावयाचे त्यालाही तो भ्रष्ट करतो, असा सिद्धान्त डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकन संशोधकाने १९७० नंतरच्या दशकातच मांडला होता. तो त्यांच्याच देशात असा खरा ठरला.

तथापि अमेरिकेच्या कायद्याचा एक गुण आपल्याकडील अनुकरणात उतरला नाही. तेथे शाळेची केवळ सरासरी सांगून भागत नसे. कृष्णवर्णीय, गरीब, अपंग, इंग्रजी मातृभाषा नसलेली अशा प्रत्येक गटाचा निकाल वेगळा जाहीर करावा लागे. चांगल्या सरासरीच्या आड कोणाची उपेक्षा चालली आहे, ते त्यामुळे प्रथमच लोकांसमोर आले. आपल्या 'अ' श्रेणीत ठाकर, कातकरी किंवा कोकणा मुलाचा निकाल वेगळा दिसत नव्हता. कठोरपणा तेवढा घ्यावयाचा आणि उघडेपणा टाळावयाचा, अशी ही उसनवारी झाली.

मोजमापच नको, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या 'असर' या ग्रामीण पाहणीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. या पाहणीत स्वयंसेवक घरी जाऊन मुलाला एक परिच्छेद वाचावयास देतात. देशातील ग्रामीण भागात पाचवीच्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के, करोनाकाळानंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्के आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्के आढळले. या आकड्यांवर कोणाची वेतनवाढ अवलंबून नाही, ते शाळेने लिहिलेले नाहीत आणि त्यात कोणत्याही एका शिक्षकाचे नाव येत नाही. म्हणूनच त्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो. आजार कळण्यासाठी केलेली मोजणी आणि शिक्षा करण्यासाठी केलेली मोजणी एकाच कागदावर करता येत नाही, हे आपल्या खात्याने एकदा मान्य करावयास हवे.

येथे पालकांच्या बाजूने एक हरकत येईल आणि ती रास्त आहे. शिक्षक शाळेत वेळेवर येत नाही, मूल चौथीत जाऊनही त्याला जोडाक्षर वाचता येत नाही, आणि विचारावयास गेले तर ऑनलाइन माहिती भरण्याचे काम पुढे केले जाते. अशा पालकाला फुले, आर्नल्ड व अटलांटा यांच्या कथा सांगून काय उपयोग? त्याने आपल्यापुरता निर्णय घेतलेलाच असतो. पिवळ्या बसमधून मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागते. शिक्षक संघटनांनी या तक्रारीकडे केवळ शत्रुत्वाने पाहिले, ही त्यांची मोठी चूक होय. अशैक्षणिक कामांचा जाच खरा आहे, आणि जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांव्यतिरिक्त इतर कामांना शिक्षक जुंपू नयेत असे शिक्षणहक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते, हेही खरे. पण त्या जाचाची ढाल करून वर्गातील उणीव झाकता येणार नाही. आगाऊ सूचना न देता शाळा पाहाव्यात ही फुल्यांची सूचना शिक्षकांच्या बाजूने विचार करणाऱ्यांनीही मनावर घ्यावी अशी आहे. पाहणारा शिकविणे जाणणारा असावा, एवढीच अट.

मात्र पालकाचा जाब शिक्षकापाशीच थांबला तर तो अर्धाच राहतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ८ वे व ९ वे कलम ही शासनाची व स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये सांगतात, आणि महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरविले आहे. हा वरून खाली द्यावयाचा जाब होय. तो कसा दिला गेला हे इगतपुरी तालुक्यात पाहावयास मिळाले. भाम धरणाच्या परिसरातील दरेवाडी येथील शाळेचा प्रश्न २०२२ साली उपस्थित झाला. शाळा बंद होऊन मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत जाण्यास सांगितल्यावर मुले व पालक नाशिकला जिल्हा परिषदेच्या दारी आले. दप्तरे परत घ्या आणि आम्हांला शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. तिच्यातील उपरोध वर्तमानपत्रांनी टिपला. तिच्यातील कायद्याचा मुद्दा मात्र फारसा कोणी टिपला नाही. शाळा देणे हे ज्याचे कर्तव्य, त्याच्याच दारात जाऊन मुले कर्तव्यभंगाचा जाब विचारीत होती. शिक्षक शिकवितो की नाही हा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता.

ही एका गावची गोष्ट नव्हे. डिसेंबर २०१७ मध्ये १० व त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना अन्यत्र सामावून घेण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चा विचार पुढे आला. समूह शाळेचे समर्थन करताना कोठारी आयोगाच्या शाळासंकुलाची आठवण देण्यात येते. ही आठवण दिशाभूल करणारी आहे. आयोगाने १९६६ च्या अहवालात सुचविलेले संकुल म्हणजे एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळांनी एकत्र येणे, साधने व शिक्षक यांची देवघेव करणे. लहान शाळा मोडून एक मोठी करणे हा त्याचा अर्थ नव्हता. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) दुष्काळाने वाडी ओस पडते. तेथे शाळा सुटते ती गाव उठले म्हणून. आता क्रम उलट होण्याची भीती आहे.

आश्रमशाळांचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. त्यांचे मुख्य कार्यालय नाशिकलाच असल्यामुळे एवढेच नोंदवितो की, २०२५ साली या शाळांतील रोजंदारी शिक्षक व कर्मचारी यांनी बाह्यस्रोतांमार्फत भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड आंदोलन केले. कंत्राटदाराने पाठविलेला शिक्षक जाब कोणाला देणार, मुख्याध्यापकाला, पालकाला की कंत्राटदाराला, हा प्रश्न त्या वादात वेतनाच्या प्रश्नाखाली दबून गेला.

कायद्यात पालकाला जागा ठेवलेली नाही असे मात्र नाही. २१ व्या कलमान्वये प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असावयाची, तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावयाचे, निम्मे सदस्य स्त्रिया असावयाच्या. २२ व्या कलमान्वये तिने शाळेचा विकास आराखडा करावयाचा. ३२ व्या कलमान्वये मुलाच्या हक्काविषयी कोणासही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, आणि तिचा निर्णय तीन महिन्यांच्या आत झाला पाहिजे. समाधान न झाल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. कागदावर ही रचना चांगली दिसते. पण ग्रामीण भागात स्थानिक प्राधिकरण म्हणजे जिल्हा परिषदच. शाळा दिली नाही म्हणून जिच्याविरुद्ध तक्रार, तिनेच पहिला निवाडा करावयाचा; आणि अपिलासाठी पेठच्या पाड्यावरील बाईने मुंबईस जावयाचे. समितीचा आराखडाही पंचायत समितीकडे जातो तो बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकाने लिहिलेला व पालकांनी सह्या-अंगठे केलेला असा असतो. तो स्वीकारला की नाकारला, आणि नाकारला तर कोणत्या कारणाने, हे समितीला लेखी कळविण्याचे बंधन अमलात आणले गेले तर पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात जाबाची दिशा काही अंशी तरी पालटेल.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना निकालांची कोष्टके सहज मिळतात, म्हणून बहुतेक प्रबंध त्यांवरच होतात. पंचायत समितीच्या आवक-जावक नोंदवह्या अजून कोणी नीट चाळलेल्या दिसत नाहीत. २०१० नंतर शाळा व्यवस्थापन समित्यांकडून किती आराखडे आले, ३२ व्या कलमाखाली किती तक्रारी दाखल झाल्या, त्यांपैकी कितींना तीन महिन्यांच्या आत उत्तर गेले, आणि कोणत्या तालुक्यातून एकही तक्रार आली नाही, हे एका तालुक्यापुरते जरी कोणी शोधून काढले तरी ते फार उपयोगी काम होईल. सुरगाणा किंवा पेठ यांपासून आरंभ करावा; तेथील नोंदवही पातळ असण्याचा संभव आहे, आणि ती पातळ का, हाच प्रबंधाचा विषय होऊ शकेल.